दीपगृहातला मामा आणि मेंदूतला उतार

“अहो, एक कादंबरी हवी होती. नाव नाही आठवत, लेखक पण नाही. एक गरीब मुलगा असतो, शिकायला शहरात येतो, मग एक मुलगी भेटते, शेवट दुःखी आहे.” काउंटरवरच्या मॅडम विचारतात, “अजून काही?” “अजून… हां, त्याचा मामा दीपगृहावर कामाला असतो आणि आरसा न वापरता दाढी करतो. पण ते काय, असंच आपलं.”

ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, म्हणजे असं विचारणाऱ्यांची इथे चौथी-पाचवी पिढी तरी नक्की चालू असणार. आणि पुस्तक सापडलं नाही की पुढचं वाक्य ठरलेलं, “वय झालं हो, मेंदूची डिस्क फुल झाली.” मला बोलायचंय ते या डिस्कबद्दलच, कारण तसली डिस्क डोक्यात नसतेच.

कॉम्प्युटरमध्ये फाइलला पत्ता असतो, पत्ता दिला की फाइल उघडते, पत्ता चुकला की काहीच नाही. मेंदूचं उलटं आहे, तिथे आठवणीचा एखादा तुकडा हाच तिचा पत्ता. दोन्ही बाजूंना, साधारण कानाच्या आतल्या अंगाला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो (समुद्री घोड्यासारखा, म्हणजे सीहॉर्स माशासारखा दिसतो म्हणून हे नाव, पाणघोड्याशी काही संबंध नाही), आणि त्यात एक पट्टा आहे, सीए-३. इथल्या पेशी बाहेरून माहिती घेतात तशा एकमेकींशीही प्रचंड बोलतात. उंदराच्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या रॅटच्या सीए-३ मध्ये एका बाजूला साधारण ३ लाख पेशी असतात आणि त्यातल्या प्रत्येकीला सीए-३ मधल्याच दुसऱ्या पेशींकडून जवळजवळ १२,००० जोडण्या येतात. तुम्ही दीपगृहाचा प्रसंग वाचताना ज्या पेशी एकदम पेटतात त्यांच्यातल्या जोडण्या घट्ट होतात, आणि पुढे कधीतरी त्यातल्या थोड्याच पेशी पेटल्या तरी त्या बाकीच्यांना खेचून उठवतात. तुकड्यावरून अख्खं उभं करायचं. डेव्हिड मार या संशोधकाने १९७१ मध्येच हिप्पोकॅम्पस असं काम करत असावा हे मांडलं होतं, तेही बरंचसं कागद-पेन्सिलीवर.

पुरावा नंतर आला. २००२ मध्ये एमआयटीत सुसुमू टोनेगावांच्या लॅबने असे उंदीर तयार केले की ज्यांच्या सीए-३ पेशींमध्ये जोडण्या घट्ट करायला लागणारा एनएमडीए रिसेप्टर नव्हता. हे उंदीर पाण्याच्या टाकीत लपवलेला ओटा शोधायला व्यवस्थित शिकले, नंतर भिंतीवरच्या चारही खुणा जागेवर असताना बरोबर तिथे पोचायचे. पण तीन खुणा काढून एकच ठेवली की गोंधळायचे! साधे उंदीर एका खुणेवरही पोचत होते. शिकणं शाबूत, पूर्ण माहितीवरून आठवणंही शाबूत, फक्त अर्धवटावरून पूर्ण करणं गेलं. मला हा प्रयोग जाम आवडतो.

आता जरा गणित, थोडं सहन करा. १९८२ मध्ये जॉन हॉपफिल्डने अशा पेशींच्या जाळ्याचं एक मॉडेल केलं, प्रत्येक पेशी चालू किंवा बंद, दर दोन पेशींमध्ये एक वजन (म्हणजे जोडणी किती घट्ट ते), आणि ते वजन दोन्ही दिशांना सारखंच. दरवेळी एक पेशी शेजारणींचा वजनासकट कौल घेते आणि बहुमताप्रमाणे उलटते किंवा तशीच राहते. असं केल्यावर अख्ख्या जाळ्याची ‘ऊर्जा’ म्हणून जी राशी निघते ती कधीच वाढत नाही, कमी होते नाहीतर तेवढीच राहते. म्हणजे येऊरच्या डोंगरावर पाऊस कुठेही पडो, पाणी त्या-त्या उताराने खालीच येणार आणि कुठल्यातरी खोलगटात साचणार, तसं. प्रत्येक साठवलेली आठवण हा एक खोलगट भाग, तुमचा अर्धवट तपशील म्हणजे पाऊस पडला ती जागा. (मेंदू हुबेहूब असाच नसतो, जुन्या आठवणी तर कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात बऱ्याच पसरलेल्या असतात, पण तत्त्व कळायला हे मॉडेल झकास आहे. २०२४ चं फिजिक्सचं नोबेल हॉपफिल्डला आणि जेफ्री हिंटनला मिळालं.)

गंमत पुढे आहे. या जाळ्यात पेशींच्या संख्येच्या साधारण १४ टक्क्यांहून जास्त आठवणी कोंबल्या की सगळंच बिघडतं. पण त्याआधीसुद्धा जाळ्यात असे खोलगट तयार होतात जे कोणी साठवलेलेच नाहीत! तीन आठवणींचं मिश्रण असलेला एक खोटा तलाव, आणि पाणी तिथेही निवांत साचतं. तुमच्या कादंबरीतला दुःखी शेवट कदाचित दुसऱ्याच पुस्तकातला असू शकतो आणि ती मुलगी तिसऱ्यातली, तुम्हाला मात्र ते एकच पुस्तक वाटणार आणि खात्रीही तेवढीच वाटणार, कारण तळाला पोचलेलं पाणी खऱ्या तलावात आहे की खोट्यात हे पाण्याला कुठे कळतं.

म्हणून तो मामा मोलाचा. गरीब मुलगा, शहर, मुलगी हे इतक्या गोष्टींत सामाईक आहे की त्यावरून उतार सगळीकडेच जातो. आरसा न वापरता दाढी करणारा दीपगृहवाला दुसऱ्या कशात बसत नाही. शोधयंत्रांचंही हेच, कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्येच दाखवलं की जो शब्द कमी दस्तऐवजांत येतो त्याला शोधताना जास्त वजन द्यावं. आणि वांधा असा की माणूस नेमकं उलटं करतो, कथानक ऐटीत सांगतो आणि विचित्र तपशील ‘असंच आपलं’ म्हणून शेवटी.

दहावी जवळ आली की स्टेशनबाहेर ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या, म्हणजे मेंदूचा मधला भाग ‘जागा’ करून देतो म्हणणाऱ्या क्लासची पत्रकं हातात कोंबतात, डोळ्याला पट्टी बांधून पोरं वाचतात म्हणे. नाकाशेजारच्या फटीतून वाचतात, पट्टीची कड पिठाने बुजवा आणि मग बघू. स्मरणशक्तीच्या सिरपबद्दल तर बोलायलाच नको. आणि एआय चॅटबॉटला कादंबरी विचारणाऱ्यांनो, तोही रिकाम्या जागा भरतोच, कधीकधी अस्तित्वात नसलेलं पुस्तक लेखकासकट ठणकावून सांगतो, तेव्हा नाव मिळालं की आधी कॅटलॉगमध्ये बघा.

शोधायचंच असेल तर कोणाशी बोलण्याआधी आठवतंय तेवढं लिहून काढा, विचित्र तपशील सगळ्यात वर, आणि पुस्तक कुठल्या घरात, साधारण कितवीत असताना वाचलं तेही, कारण वाचतानाची परिस्थितीसुद्धा त्याच पेशींबरोबर बांधली गेलेली असते. आधी लिहायचं कारण असं की मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ मध्ये लोकांना गाड्यांच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि प्रश्नात गाड्या ‘धडकल्या’ऐवजी ‘आदळून चुराडा झाल्या’ अशा धर्तीचं क्रियापद घातलं, तर आठवड्याने जास्त लोकांना फुटलेली काच ‘आठवली’, जी फिल्ममध्ये नव्हतीच. त्यामुळे मदत करणाऱ्याने “कव्हर निळं होतं ना?” असं विचारू नये, “कव्हर कसं होतं?” एवढंच विचारावं.