त्रिकोणात २ आहे म्हणून बादली फूड-ग्रेड होत नाही

फेब्रुवारी-मार्च आला, रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा पारा शून्याच्या वर असं सुरू झालं, की ओंटारियो, व्हरमाँट, मिशिगनकडच्या आपल्या मंडळींचा तोच प्रश्न येतो, सिरप बनवायला मेपलच्या झाडाचा रस काढतो, तो साठवायला कुठली बादली घेऊ? आणि कोणीतरी छातीठोकपणे सांगतंच, "उलटी करून बघ, त्रिकोणात २ आहे ना, मग फूड-ग्रेडच आहे, घे बिनधास्त." नाही हो, नाहीये! दरवर्षी हे वाचून डोकं फिरतं म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

झाड कसं ओळखायचं, भोक केवढं पाडायचं, बादलीवर झाकण का हवं, हे तुम्हाला माहितीये, त्यात शिरत नाही. एचडीपीई (हाय-डेन्सिटी पॉलिएथिलीन, म्हणजे त्या २ आकड्याचं प्लास्टिक) पण माहितीच असेल, अमेरिकेत दुधाचे गॅलनचे कॅन ज्याचे असतात तेच. चिवट, थंडीत सहसा तडकत नाही, रसासाठी एकदम योग्य. प्लास्टिकच्या जातीबद्दल माझं काही भांडण नाही.

भांडण त्या आकड्याबद्दल आहे. हे १ ते ७ आकडे १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने आणले, कशासाठी, तर कचरा वेगळा करणाऱ्याला हे कुठल्या जातीचं प्लास्टिक आहे ते कळावं म्हणून. बास. त्यात खाण्यापिण्याचा काही संबंधच नाही. २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन, एवढंच तो आकडा बोलतो. रंग कुठला घातलाय, साच्यातून बादली सुटावी म्हणून काय फासलंय, उन्हात टिकावी म्हणून काय मिसळलंय, मूळ माल नवा आहे की रीसायकल केलेला, आणि रीसायकल असेल तर तो आधी डिटर्जंटची बाटली होता की इंजिन ऑइलचा डबा, यातलं काहीही त्या त्रिकोणात लिहिलेलं नसतं. पीठ ज्वारीचं आहे एवढं कळलं, पण गिरणीत त्याच्या आधी मिरची दळली होती का ते कुठे कळलं?

फूड-ग्रेड म्हणजे या सगळ्याची जबाबदारी बनवणाऱ्याने घेतलेली असते. मूळ प्लास्टिक, रंग, मिसळलेली इतर द्रव्यं, सगळं अन्नाला लागलं तर चालेल अशा नियमात बसणारं. अमेरिकेत हे नियम एफडीएचे, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाचे. म्हणजे एकाच दुकानात, एकाच मापाच्या, खाली २ लिहिलेल्या दोन बादल्या शेजारी-शेजारी असू शकतात आणि त्यातली एक रसासाठी चालते, दुसरी फरशी पुसायला. आता फूड-ग्रेड नसलेली बादली विषारीच असते असंही मी म्हणत नाही, कदाचित काहीच होणार नाही, पण त्या "कदाचित"ची हमी कोणी घेतलेली नाही हा मुद्दा आहे.

"पण इतका वेळ थोडीच राहतो रस बादलीत" हे पुढचं ठरलेलं वाक्य. अहो, पण त्या रसाचं पुढे काय करता? साधारण २ टक्के साखर असलेला रस ६६-६७ टक्क्यांपर्यंत आटवता. अंदाजे ४० लिटरचं १ लिटर सिरप. वाफ होऊन उडून जाणारं जे असेल ते जाईल, पण जे उडत नाही ते सगळं त्या एका लिटरात गोळा होऊन बसतं. पिण्याच्या पाण्याला जी बादली "चालते की" म्हणून वापरता, तोच हिशोब इथे लावता येत नाही.

मग ओळखायची कशी? बादलीवर किंवा लेबलवर फूड-ग्रेड असं स्पष्ट लिहिलेलं बघा, काहींवर पेला आणि काट्याचं चित्र असतं, काहींवर एनएसएफ या तपासणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा अन्नाच्या भांड्यांसाठीचा शिक्का असतो. काहीच नसेल तर नाही असंच धरा. पांढरी म्हणजे फूड-ग्रेड हा अजून एक गैरसमज, भिंतीला लावायच्या पुट्टीच्या बादल्याही पांढऱ्याच असतात.

फुकटात हवी असेल तर सुपरमार्केटच्या बेकरीत विचारा, केकच्या आयसिंगच्या बादल्या बऱ्याचदा देऊन टाकतात, माझी पहिली पसंती त्यालाच. लोणच्याच्या बादल्याही फूड-ग्रेडच, पण त्यांचा व्हिनेगर-लसणाचा वास प्लास्टिकमध्ये असा मुरतो की कितीही घासा, सिरपला तो येतोच, मी तरी घेणार नाही. आणि मुळात फूड-ग्रेड असलेल्या बादलीत कोणी मधे रंग, खत किंवा पूलचं क्लोरीन ठेवलं असेल तर संपलं, धुऊन ती परत फूड-ग्रेड होत नाही.

मोठ्या साठ्यासाठी कचऱ्याचा नवा कोरा ड्रम आणून आत काळी गार्बेज बॅग लावणारे महाभाग पण आहेत. ती बॅग काही अन्नासाठी बनवलेली नसते, काहींना तर वास दाबायला सुगंध लावलेला असतो! लावायचीच तर फूड-ग्रेड लायनर मिळतात, ते लावा.

बाकीचं पटकन. "बीपीए-फ्री" स्टिकर बघून एचडीपीईच्या बादलीला जास्त पैसे देऊ नका, एचडीपीईत बीपीए हे रसायन लागतच नाही, तो विषय पॉलिकार्बोनेट या वेगळ्या जातीच्या प्लास्टिकचा. फूड-ग्रेड असली तरी रस दुधासारखाच नासतो, तेव्हा बादली सावलीत, बर्फात खुपसून ठेवा आणि होईल तितक्या लवकर आटवा. उकळतं सिरप मात्र या बादलीत ओतू नका, ते १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास आचेवरून उतरतं, त्याला स्टील किंवा काच.

आणि प्लास्टिकची कटकटच नको म्हणून जुन्या बाजारातून पत्र्याच्या "अँटिक" बादल्या आणणार असाल तर थांबा. जुन्या बादल्यांच्या सांध्याला शिशाचं सोल्डर असू शकतं, काहींना आतून शिसं-कथिलाचा मुलामाच दिलेला असतो, आणि शिसं उकळून उडत नाही. नवी स्टीलची किंवा अ‍ॅल्युमिनियमची घ्या. जुनीत फुलझाडं लावा, फोटोत छान दिसते.