कोचचा पायगुण आणि पाचाचे सात

शालेय स्पर्धांचा हंगाम आला की सोलापुरातल्या मैदानांवर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "कोच बदलला आणि संघ जिंकायला लागला. माणसाचा पायगुण चांगला." त्याचंच सुटाबुटातलं रूप संस्थाचालकांच्या बैठकीत भेटतं: "वीस वर्षं अनुभव असलेला माणूस घ्या, निकाल आपोआप दिसतील." दोन्ही वाक्यांमागे एकच चूक आहे. बास्केटबॉलमध्ये ती आकड्यांनी दाखवता येते.

आधी अनुभवाचं बघू. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत 30 संघ आहेत, म्हणजे मुख्य कोचच्या जागा तीसच. तिथं पोचायची ठरलेली वाट नाही. एरिक स्पोलस्ट्रा 1995 मध्ये मायामी हीटच्या व्हिडिओ विभागात लागले, एकेक पायरी चढत 2008 मध्ये मुख्य कोच झाले आणि 2012 व 2013 मध्ये त्यांनी विजेतेपद मिळवलं. उलट स्टीव्ह कर यांनी 2014 मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सची सूत्रं घेतली तेव्हा त्यांना कोचिंगचा अनुभव शून्य होता. पहिल्याच हंगामात 82 पैकी 67 विजय आणि विजेतेपद! मग अनुभव निरुपयोगी ठरला का? त्याच उन्हाळ्यात डेरेक फिशर न्यूयॉर्क निक्सचे कोच झाले. करप्रमाणेच त्यांच्याही नावावर खेळाडू म्हणून पाच विजेतेपदं होती, कोचिंगचा अनुभवही तितकाच, म्हणजे शून्य. त्यांच्या संघाचे 82 पैकी 17 विजय.

फरक कुठून आला? कर यांना मिळालेला संघ आदल्या हंगामात 51 सामने जिंकलेला होता, फिशरना मिळालेला 37. शिवाय कर यांनी सहायक म्हणून ॲल्विन जेंट्री यांना शेजारी बसवलं, ज्यांनी आधी अनेक संघांचं मुख्य कोचपद सांभाळलं होतं. अनुभव संघात होताच, फक्त दुसऱ्या खुर्चीवर. पुढच्या हंगामात कर पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे बाहेर राहिले आणि तरुण सहायक ल्यूक वॉल्टन यांनी संघ सांभाळला: 39 विजय, 4 पराभव. त्या जोरावर ते लॉस एंजेलिस लेकर्सचे मुख्य कोच झाले आणि पहिल्या हंगामात 26 विजय, 56 पराभव पदरी आले. माणूस तोच होता, अनुभव तर वाढलेलाच होता.

आता पायगुणाकडे येऊ. कोच कधी बदलतात, हा इथला कळीचा प्रश्न आहे. संघ रडतखडत चालला असताना बदलतात. संघ वाईट दिसतो तेव्हा त्याची दोन कारणं एकत्र आलेली असतात: संघ मुळात कमकुवत असतो आणि त्याच काळात नशीबही रुसलेलं असतं. ताकद पुढच्या महिन्यात बहुतेक तशीच राहते. नशिबाला मात्र आठवण नसते, ते पुन्हा शून्यापासून सुरू होतं. म्हणून वाईट काळानंतरचा काळ सरासरीकडे सरकतो, कोच बदलला तरी आणि न बदलला तरी.

किती सरकतो, हेही काढता येतं. अगदी बरोबरीच्या संघांत 20 सामने झाले तर विजयांची सरासरी 10. निव्वळ नशिबामुळे होणाऱ्या चढउताराचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरतात त्याचं माप) 20 × ½ × ½ चं वर्गमूळ, म्हणजे √5, साधारण 2.2 विजय. संघांच्या खऱ्या ताकदीतल्या फरकाचं प्रमाण विचलन 20 सामन्यांमागे 2.7 विजय धरू. दोन्ही स्वतंत्र असल्यामुळे बेरीज वर्गांची करायची: ताकदीचे 7.3, नशिबाचे 5, एकूण 12.3. यात ताकदीचा वाटा 7.3 भागिले 12.3, म्हणजे सुमारे 0.6. आता 20 पैकी 5 सामने जिंकलेला संघ घ्या. तो सरासरीच्या 5 खाली आहे. त्यातले ताकदीचे 5 × 0.6 = 3. म्हणजे त्याची खरी पातळी 7 विजयांची. पुढच्या 20 सामन्यांत, काहीही न करता, पाचाचे सात होतील अशी अपेक्षा धरायला हवी. मधल्या काळात नवा कोच आला असेल तर ते दोन विजय त्याच्या खात्यावर जमा होतात.

ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी 1886 मध्ये हेच उंचीच्या बाबतीत मांडलं होतं. उंच आईबापांची मुलं सरासरीपेक्षा उंच निघतात, पण आईबापांइतकी नाही. सरासरीपासूनचं अंतर सुमारे दोन तृतीयांश उरतं. घरात आलेल्या सुनेला चांगल्या-वाईट पायगुणाचा शिक्का मारताना हाच हिशोब विसरला जातो. तिथं त्याची किंमत एका माणसाला आयुष्यभर मोजावी लागते, म्हणून हे गणित मैदानाबाहेरही माहीत असायला हवं.

शालेय सामन्यांत अडचण वाढते. बाद पद्धतीत एक पराभव झाला की संघ घरी. जिल्हा जिंकून पुणे विभागापर्यंत गेलेल्या संघाचेही सामने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चार सामने धरून वरचंच गणित केलं तर ताकदीचा वाटा पाव हिस्साही भरत नाही. शाळाशाळांमधली तफावत दुप्पट धरली तरी तो निम्म्याच्या आसपास राहतो. एवढ्यावर कुणाला काढणं किंवा डोक्यावर घेणं, दोन्ही चूकच.

त्यापेक्षा पझेशन मोजा, म्हणजे चेंडू किती वेळा आपल्या ताब्यात आला ते. सूत्र असं: बास्केटवर मारलेले शॉट, अधिक फ्री थ्रो (फाउलबद्दल रेषेवरून मिळणारे मोकळे शॉट) गुणिले 0.44, वजा आक्रमणातले रिबाउंड (आपलाच चुकलेला शॉट परत पकडणं), अधिक टर्नओव्हर (शॉट न मारताच चेंडू गमावणं). 0.44 यासाठी, की फ्री थ्रो नेहमी जोडीनं मिळत नाहीत. बास्केट झाल्यावर फाउलचा एकच जादा मिळतो. समजा 58 शॉट, 20 फ्री थ्रो, 12 आक्रमक रिबाउंड, 22 टर्नओव्हर: 58 + 8.8 − 12 + 22 = 76.8 पझेशन. गुण 54 असतील तर दर पझेशनला 0.70 गुण. प्रतिस्पर्ध्याचंही असंच काढा. चार सामन्यांत चारच निकाल हाती येतात, पण पझेशन दोन्ही बाजूंना तीनशेच्या घरात जातात आणि नशिबाचा गोंगाट बराच खाली बसतो. प्रतिस्पर्ध्याची फ्री थ्रोची टक्केवारी मात्र कोचच्या यशापयशात धरू नका. त्या रेषेवर उभ्या मुलाला तुमचा कोच काहीच करू शकत नाही. टर्नओव्हर आणि रिबाउंड यांकडे जास्त बघा, सरावाचा परिणाम तिथं लवकर दिसतो.

अनुभवाचा खरा उपयोग बारीक जागी असतो. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांत दुसऱ्या अर्ध्यात तीन टाइमआउट (कोचनं मागून घेतलेले छोटे विराम) असतात, पण चौथ्या क्वार्टरची शेवटची दोन मिनिटं उरली की त्यांतले जास्तीत जास्त दोनच वापरता येतात. तिन्ही शेवटासाठी राखून ठेवणारा नवखा कोच एक फुकट घालवतो. क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पुढच्या बचावात्मक फाउलला प्रतिस्पर्ध्याला दोन फ्री थ्रो मिळतात. तिसऱ्या फाउललाच बचाव सैल करायचा की नाही, हे आधी ठरलेलं हवं. कोच निवडायच्या मुलाखतीत वर्षं मोजण्याऐवजी विचारा: दोन मिनिटं दहा सेकंद उरलीत, तुम्ही तीन गुणांनी मागे आहात, तिन्ही टाइमआउट शिल्लक आहेत, मुख्य खेळाडूचे चार फाउल झालेत. आता काय कराल? आणि उत्तर कोर्टाच्या आराखड्यावर, पाचही खेळाडूंच्या जागा दाखवून द्यायला सांगा.