स्टॅटिन औषधे आणि ज्येष्ठांची पायदुखी

रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातील औषधांमुळे काही रुग्णांच्या मांड्या, नितंब आणि पोटऱ्यांच्या स्नायूंत वेदना, जडपणा किंवा अशक्तपणा जाणवतो, तर काहींच्या पायांत गोळे येतात. या तक्रारींना स्टॅटिनजन्य स्नायुलक्षणे म्हणतात. अॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन ही या गटातील सर्वाधिक वापरली जाणारी औषधे असून नाशिकमध्ये घरोघरी ती ‘कोलेस्टेरॉलची गोळी’ म्हणूनच ओळखली जातात. साठीनंतर पाय दुखण्याची इतर कारणेही पुष्कळ असल्यामुळे वेदनेचे खापर गोळीवर फोडून ती परस्पर बंद करणे आणि गोळीचा संबंध न तपासता ‘वयोमानाने होते’ असे म्हणून तक्रार झटकून टाकणे, या दोन्ही चुका सर्रास होतात.

जपानी जीवरसायनशास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात एका बुरशीपासून पहिले स्टॅटिन वेगळे केले आणि १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. ही औषधे यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) अटकाव करतात. परिणामी यकृत रक्तातील एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, अधिक प्रमाणात खेचून घेते आणि हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचा धोका घटतो.

गोळीमुळे होणारी वेदना बहुधा दोन्ही पायांत सारखी असते, शरीराच्या मध्याजवळच्या मोठ्या स्नायूंत अधिक असते आणि औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काही आठवड्यांत जाणवू लागते. पाटावरून किंवा जमिनीवरून हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता न येणे, पांडवलेण्यांच्या पायऱ्या पूर्वी सहज चढणाऱ्याच्या मांड्या आता मध्येच भरून येणे, अशा बदलांकडे लक्ष द्यावे. एकाच गुडघ्यातील कळ, पायाला येणाऱ्या मुंग्या किंवा कंबरेतून पोटरीपर्यंत उतरणारी चमक मात्र सांध्यांकडे व मज्जातंतूंकडे बोट दाखवते.

सर्वांत जपून ओळखायची ती पायांच्या रोहिण्यांतील अडथळ्यामुळे होणारी वेदना. रामकुंडाकडून चढाने गावात येताना ठरावीक अंतरानंतर पोटरी आवळून येते, दोन-चार मिनिटे उभे राहिले की ती सुटते आणि तेवढेच अंतर चालल्यावर पुन्हा आवळते. धूम्रपान करणाऱ्यांत आणि मधुमेहींत हा विकार अधिक आढळतो. अशा रुग्णाला स्टॅटिनची गरज इतरांपेक्षा जास्त असते; त्यानेच पाय दुखतात म्हणून गोळी सोडली, तर ज्या रोगामुळे पाय दुखत आहेत त्यालाच मोकळे रान मिळते. पाठीच्या कण्यातील मार्ग अरुंद झाल्यानेही चालताना पाय भरून येतात, पण ती वेदना केवळ थांबून नव्हे, तर बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर कमी होते. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागल्यास शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घेऊन त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

गोळीचा वाटा प्रत्यक्षात किती, याचे उत्तर बऱ्याच जणांना अनपेक्षित वाटेल. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात स्टॅटिन आणि औषध नसलेली हुबेहूब गोळी यांची तुलना करणाऱ्या १९ चाचण्यांतील १,२३,९४० व्यक्तींची माहिती एकत्र करण्यात आली. स्नायूंची तक्रार स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्के लोकांनी केली; जो थोडा फरक दिसला तो मुख्यतः पहिल्या वर्षातला होता. याचा अर्थ वेदना खोटी असते असा मुळीच नाही. वेदना खरी असते, तिचे कारण बहुतेक वेळा दुसरे असते.

तरीही काही ज्येष्ठांना धोका निश्चितपणे अधिक असतो. पंच्याहत्तरीपुढील वय, कमी वजन, स्त्री असणे, थायरॉइडची कमतरता, मूत्रपिंड किंवा यकृताचे विकार, ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि औषधाची मोठी मात्रा ही त्यामागची प्रमुख कारणे. रोसुव्हास्टॅटिनची रक्तातील पातळी आशियाई लोकांत जास्त राहत असल्याने सुरुवात लहान मात्रेने करतात. दुसऱ्या औषधाची भरही महत्त्वाची ठरते: कडाक्याच्या थंडीत छातीच्या संसर्गावर दिलेले क्लॅरिथ्रोमायसिन, बुरशीवरील इट्राकोनॅझोल किंवा रक्तातील ट्रायग्लिसराइड या चरबीसाठीचे जेमफायब्रोझिल यांमुळे काही स्टॅटिनांची पातळी वाढते. त्यामुळे नव्या डॉक्टरांकडे जाताना सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. ग्रेपफ्रूटचा रस वर्ज्य सांगितला जातो तो याच कारणासाठी. ते पपनसाच्या जातीचे फळ आहे. नाशिकच्या द्राक्षांना ही मनाई लागू नाही, मधुमेहींनी प्रमाण सांभाळावे एवढेच.

तपासणीत रक्तातील सीपीके (स्नायूंना इजा झाल्यास वाढणारे विकर), थायरॉइड, ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाचे कार्य पाहतात. सवय नसलेल्या श्रमानेही सीपीके बरेच वाढते, म्हणून श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करून आलेल्याने लगेच दुसऱ्या दिवशी रक्त देऊ नये. काही दिवस विश्रांती घेऊन दिलेल्या नमुन्यावरच विसंबावे. सीपीके सामान्य मर्यादेच्या दहापटीहून अधिक असल्यास औषध तत्काळ थांबवतात. तीव्र अशक्तपणा आणि लघवीला चहासारखा गडद रंग ही स्नायू विघटित होऊन मूत्रपिंडाला इजा होत असल्याची खूण असू शकते. हा प्रकार अत्यंत विरळ असला तरी तातडीचा आहे. अशा वेळी मेडिकलमधून वेदनाशामक आणून घेत राहणे मूत्रपिंडाला अधिकच घातक ठरते.

असे गंभीर काही नसल्यास डॉक्टर दोन ते चार आठवडे गोळी थांबवून पाहतात. वेदना तशीच राहिली तर कारण अन्यत्र शोधावे लागते. ती गेली, तर कमी मात्रा, दुसरे स्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिनसारखे दीर्घकाळ टिकणारे औषध एक दिवसाआड देऊन बघतात, आणि बहुतेकांना यांपैकी काहीतरी मानवते. को-एन्झाइम क्यू-१० च्या कॅप्सूलचा खात्रीलायक उपयोग सिद्ध झालेला नाही. कोणतेही स्टॅटिन सोसत नसल्यास इझेटिमाइब, बेम्पेडोइक आम्ल किंवा इंजेक्शनने देण्याची नवी औषधे उपलब्ध आहेत. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या ज्येष्ठांत स्टॅटिनचा लाभ पंच्याहत्तरीनंतरही दिसतो. असा आजार कधीच न झालेल्या पंच्याहत्तरीपुढील व्यक्तीच्या बाबतीत पुरावा तुलनेने तोकडा असल्यामुळे गोळी चालू ठेवायची की नाही, हे तिची एकूण प्रकृती आणि तिची स्वतःची इच्छा विचारात घेऊन डॉक्टरांनी तिच्यासोबत ठरवायचे असते.