टेस्ट प्लॅनमधले रकाने आले कुठून?

महापे, ऐरोली किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला लागलेल्या पोराच्या हाती लवकरच एक एक्सेल शीट पडते. टेस्ट केस आयडी, स्टेप्स, एक्स्पेक्टेड रिझल्ट, ॲक्च्युअल रिझल्ट, पास-फेल. मागच्या प्रोजेक्टची फाइल उचलायची, नाव बदलायचं, कामाला लागायचं. रकाने कुणी ठरवले, हे विचारायला वेळ कुणाला असतो?

1979 मध्ये ग्लेनफोर्ड मायर्स यांनी टेस्टिंगवरच्या पुस्तकात अपेक्षित निकाल आधीच लिहून ठेवण्याचा आग्रह धरला. नाहीतर समोर आलेलं चुकीचं उत्तरही डोळे बरोबर मानून घेतात. मग 1983 मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचं 829 क्रमांकाचं मानक आलं. त्यात आठ प्रकारची कागदपत्रं होती आणि एकट्या टेस्ट प्लॅनला, म्हणजे तपासणीच्या आराखड्याला, 16 मथळे. 'काय तपासणार नाही' हा त्यातला एक. माझ्या मते सगळ्यांत शहाणा मथळा हाच. डेडलाइन जवळ आली की पहिला गळतोही हाच, आणि पुढे क्लायंटशी वाद होतात तेही बहुतेक यावरूनच.

वापरणारा माणूस मात्र असल्या क्रमवार कागदात मावत नाही. थेरॅक-25 हे कर्करोगावरच्या किरणोपचाराचं यंत्र. 1985 ते 1987 या काळात अमेरिका-कॅनडात त्यातून सहा रुग्णांना किरणांचा भयंकर जास्त डोस गेला, काही दगावले. त्यातला एक दोष निव्वळ टायपिंगच्या वेगाशी जोडलेला होता. सवयीने ऑपरेटरकडून 'ई'ऐवजी (इलेक्ट्रॉन) 'एक्स' (क्ष-किरण) पडायचं, मग कर्सर वर नेऊन दुरुस्ती. ही दुरुस्ती साधारण आठ सेकंदांच्या आत उरकली, तर पडद्यावर नवी नोंद दिसायची, पण यंत्राची मांडणी पूर्ण बदललेली नसायची. सावकाश टाइप करणाऱ्या टेस्टरला हे दिसणंच शक्य नव्हतं.

माउस आल्यावर तर क्रम पुरताच सुटला. मॅकिंटॉश 1984 मध्ये बाजारात आला. त्याच्या तयारीत ॲपलच्या स्टीव्ह कॅप्स यांनी 'मंकी' लिहिला होता, वाटेल तिथे क्लिक करत सुटणारा प्रोग्राम. 2004 मध्ये जेसन हगिन्स यांनी सेलेनियम हे ब्राउझर आपोआप चालवणारं साधन सुरू केलं आणि ब्राउझरमधल्या पायऱ्या स्क्रिप्टवर गेल्या. 829 ची जागा 2013 पासून आयएसओ 29119 या नव्या मानकाने घेतली. शीटमधले रकाने मात्र जवळपास तेच राहिले.

त्यांत भरायचं काय, याची शिस्त मात्र सैलावली. 'स्क्रीन नीट दिसली पाहिजे' हा काही एक्स्पेक्टेड रिझल्ट नव्हे. मराठी फॉर्म तपासताना आडनावात 'कुऱ्हाडे' टाका, सेव्ह करा, पीडीएफ काढा. अर्धा र शाबूत आहे का, उकार चौकटीत कापला जातो का, आणि त्याच आडनावाने शोधल्यावर नोंद सापडते का, हे तिन्ही वेगवेगळ्या ओळींत लिहा.