व्हॉइस असिस्टंट: पोर्ट केलेला आणि नुसता चालवलेला

मायक्रॉफ्ट हा लिनक्ससाठी लिहिलेला व्हॉइस असिस्टंट मॅकवर चालवला, असं कुणी सांगितलं की पहिला प्रश्न विचारावा: मॅकओएसवर, की मॅकच्या पोटातल्या लिनक्सवर? दोन्ही वेळा टर्मिनलमध्ये तेच लॉग धावतात, त्यामुळे गल्लत होते. काम मात्र पूर्णपणे वेगळं आहे.

मॅकवर डॉकर (प्रोग्राम त्याच्या गरजेच्या गोष्टींसकट बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) सुरू केला की मागे एक छोटं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातला आभासी संगणक, उठतं आणि त्यात लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चालतो. असिस्टंटच्या कोडला आपण घर बदललंय याचा पत्ताच नसतो. विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय असलेला डब्ल्यूएसएल-२ हाही असाच प्रकार. २०१६ चा पहिला डब्ल्यूएसएल लिनक्सच्या सिस्टिम कॉल्सचं (प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या मागण्यांचं) विंडोजसाठी भाषांतर करायचा. २०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्यात खराखुरा कर्नलच आहे. पोर्टमध्ये याच्या उलट होतं. तिथे कोडच बदलतो आणि नव्या सिस्टिमशी तिच्या पद्धतीने बोलायला शिकतो.

‘पण पायथॉन तर सगळीकडे चालतो, मग बदलायचं काय?’ ही शंका रास्त आहे. मायक्रॉफ्टचा मोठा भाग खरंच हात न लावता चालतो. त्याचे वेगवेगळे भाग वेबसॉकेट या नेटवर्क-संवादाच्या पद्धतीवर चालणाऱ्या मेसेज बसवरून, म्हणजे निरोपांच्या सामायिक वाटेवरून, बोलतात, आणि वेबसॉकेटला सिस्टिम कुठली याच्याशी देणंघेणं नसतं. घोडं अडतं ते कान आणि तोंडापाशी. आवाज वाजवायला त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये सरळ एक कमांड लिहिलेली असते: पल्सऑडिओ या लिनक्सवरच्या आवाज-व्यवस्थेची ‘पीएप्ले’. मॅकवर ती येत नाही. तिथे ‘एएफप्ले’ असते. ही एक ओळ बदलली की असिस्टंट बोलायला लागतो, आणि पोर्ट झालंच असं वाटतं.

झालेलं नसतं, कारण ऐकणं बाकी असतं. मॅकओएस मोजावेपासून (२०१८) मायक्रोफोनला परवानगी लागते. टर्मिनलमधून सुरू केलेल्या प्रोग्रामसाठी ती टर्मिनलच्या नावावर मागितली जाते. नाकारली तर अनेकदा एररही येत नाही: माइक उघडतो, सँपल्स (आवाजाचे मोजलेले आकडे) येत राहतात, फक्त सगळी शून्य. वेक वर्ड (असिस्टंटला जागं करणारा शब्द) ओरडून ओरडून घसा बसतो आणि माणूस तो शब्द ओळखणाऱ्या मॉडेलला दोष देतो. असल्या जागा शोधून काढणं हेच पोर्टचं खरं काम. कोड कंपाइल होणं किंवा इम्पोर्ट होणं ही त्यातली किरकोळ बाब.

कंटेनरमध्ये हीच अडचण वेगळ्या रूपात भेटते. लिनक्सवर साउंड डिव्हाइस कंटेनरच्या हवाली केलं की भागतं. मॅकवर त्या व्हर्च्युअल मशीनला साउंड कार्डच दिसत नाही. मग मॅकवर पल्सऑडिओ सर्व्हर बसवून आवाज नेटवर्कवरून आत-बाहेर न्यावा लागतो. जमतं, पण विलंब वाढतो आणि बिघडायला आणखी एक जागा मिळते. डब्ल्यूएसएलची स्थिती बरी आहे. त्याच्या जीयूआय (खिडक्या-बटणांचे प्रोग्राम दाखवण्याच्या) सोयीसोबत पल्सऑडिओ आयताच येतो.

म्हणून कंटेनर कमअस्सल ठरतो का? अजिबात नाही. नुसतं वापरून बघायचं असेल तर पोर्टच्या वाटेला जाऊच नये. शिवाय बोलण्याचं मजकुरात रूपांतर करणाऱ्या इंजिनाला माइक लागतच नाही. त्याला फक्त सँपल्स हवेत, ते नेटवर्कवरून आले तरी चालतात. होम असिस्टंट या घरातली उपकरणं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा वायोमिंग प्रोटोकॉल नेमका याच फटीवर उभा आहे: ऐकणारं छोटं उपकरण एकीकडे, व्हिस्परसारखं जड इंजिन दुसरीकडे. माझ्या मते शहाणपणाची वाटणी हीच: जड भाग कंटेनरमध्ये राहू द्यावा आणि पोर्ट करायचंच तर फक्त माइक-स्पीकरचा थर करावा. बदल कमी असतील तर ते मूळ प्रकल्पात स्वीकारले जाण्याची शक्यताही वाढते. नाहीतर प्रत्येक नव्या आवृत्तीला आपले पॅच पुन्हा बसवत बसायचं.

समोरचा असिस्टंट यांपैकी कोणता, हे ओळखायला मॅकवर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर उघडा. पोर्ट असेल तर पायथॉनच्या प्रोसेसेस वेगवेगळ्या दिसतील. कंटेनर असेल तर मेमरी अडवून बसलेली व्हर्च्युअल मशीनची एकच प्रोसेस दिसेल.