आर्केड बोर्डांची तारजोडणी आणि बटणमांडणी

नाणे टाकून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेम यंत्राचा जीव म्हणजे त्यातला छापील सर्किटचा बोर्ड. खेळाचा प्रोग्रॅम, चित्रे आणि आवाज हे सगळे त्याच्याच चिप्समध्ये असते. बाकीचे कपाट, म्हणजे पडदा, वीजपुरवठा, स्पीकर, दांडी (जॉयस्टिक) आणि बटणे, बदलता येते. बोर्ड आणि कपाट एकमेकांसाठी बनलेले नसतील तर मध्ये जोडपट्टी (अ‍ॅडॅप्टर) लागते, आणि बटणांच्या तारा त्या खेळाच्या मांडणीप्रमाणे ओढाव्या लागतात. ही नोंद त्या जोडणीची आहे, आणि खाऱ्या दमट किनाऱ्यावर ती कशी टिकवावी याचीही.

कोकणात हे काम बहुतकरून टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या हाती आले. एसटी स्टँडजवळच्या पार्लरमधले किंवा जत्रेच्या मांडवातले यंत्र बंद पडले की त्यांनाच बोलावणे जाई. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळत. पार्लर गेली, पण बोर्ड माळ्यावर, ट्रंकेत, दुकानाच्या मागच्या खोलीत राहिले. आज ते पुन्हा चालू करू पाहणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हाच : बोर्डाच्या कडेवरच्या या सोनेरी पट्ट्यांपैकी कोणती कशाची?

जपानी यंत्र-उत्पादकांच्या ‘जामा’ या संघटनेने १९८५ च्या सुमारास एक समान जोडणी ठरवली. बोर्डाच्या कडेला दोन्ही बाजूंनी २८-२८ अशा एकूण ५६ पट्ट्या असतात आणि लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर ३.९६ मिलिमीटर असते. चिप्सच्या बाजूला १ ते २८ असे आकडे आणि सोल्डरच्या बाजूला रोमन अक्षरे. १ आणि २ ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची परतीची वाट, ३ आणि ४ पाच व्होल्ट, ५ उणे पाच व्होल्ट, ६ बारा व्होल्ट. दहाव्या जोडीवर स्पीकर. बाराव्या-तेराव्या जोडीत लाल, हिरवा, निळा आणि सिंक, म्हणजे पडद्याला ताल देणारा संकेत. १६ वर नाणे, १७ वर स्टार्ट, १८ ते २१ दांडीच्या चार दिशा, २२ पासून बटणे आणि शेवटी २७, २८ पुन्हा ग्राउंड. सोल्डरच्या बाजूला त्याच जागांवर दुसऱ्या खेळाडूचे नाणे, स्टार्ट, दांडी आणि बटणे. क्रमांक सातला पट्टीऐवजी खाच असते. ती खाच फार महत्त्वाची आहे, कारण कनेक्टर उलटा बसला तर पहिली पट्टी अठ्ठाविसाव्यावर येते. ग्राउंड दोन्ही टोकांना असल्यामुळे ते ग्राउंडवरच पडते, पण सहावीचे बारा व्होल्ट तेविसावीवर, म्हणजे दुसऱ्या बटणाच्या इनपुटवर जातात आणि तिथली चिप जळते. स्वस्त कनेक्टरमध्ये खाचेतली खुंटी नसतेच. ती नसेल तर आधी ती बसवावी, मग पुढचे काम.

जामापूर्वी प्रत्येक कंपनीची रीत वेगळी होती. ‘पॅकमॅन’चा (१९८०) कनेक्टर ४४ पट्ट्यांचा, कोनामीच्या कित्येक जुन्या बोर्डांचा ३६ चा. फरक केवळ आकड्यांचा नाही. ‘पॅकमॅन’चा बोर्ड ट्रान्सफॉर्मरकडून एसी वीज घेतो आणि तिची डीसी स्वतः करतो. निन्टेंडोच्या ‘डाँकी काँग’चा (१९८१) चित्रसंकेत उलट्या ध्रुवतेचा असतो, आणि आवाज मोठा करणारे सर्किट बोर्डावर नसून मूळ पडद्याच्या अंगावर होते. असा बोर्ड साध्या कपाटाला नुसत्या तारांनी जोडला तर रंग निगेटिव्हसारखे दिसतात आणि आवाज जेमतेम येतो किंवा येतच नाही. अशा ठिकाणी जोडपट्टीवर संकेत उलटवणारे सर्किट आणि छोटा अ‍ॅम्प्लिफायर घालावा लागतो. काही जुन्या बोर्डांवरच्या मेमरी चिप्सना पाच व्होल्टबरोबर उणे पाच आणि बारा असे तिन्ही पुरवठे लागतात. उणे पाच न देता बाकीचे दिले तर त्या चिप्स खराब होऊ शकतात.

जोडपट्टीची घडण सोपी आहे. एका टोकाला जामाच्या आकाराच्या पट्ट्यांचा छोटा तुकडा, तो कपाटाच्या कनेक्टरमध्ये जातो. दुसऱ्या टोकाला त्या विशिष्ट बोर्डाचा कनेक्टर, आणि मध्ये तारा. पूर्वी अनेक दुरुस्तीवाले ही कटकट टाळायला बोर्डावरच थेट तारा डाखत, कधी पट्ट्या कापून नव्या जोडत. मशीन दुसऱ्या दिवशी चालू करून द्यायची घाई असे, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. पण आज असा बोर्ड हातात आला की वाईट वाटते. जो काही फरक करायचा तो मधल्या तारेत करावा, बोर्ड जसाच्या तसा राहावा. जोडपट्टी चुकली तर दुसरी बनवता येते, बोर्डाची कड पुन्हा उगवत नाही.

पाच व्होल्टची तार जाड असावी, यावर जेवढा भर द्यावा तेवढा थोडा. बोर्डावरच्या जुन्या चिप्स ४.७५ ते ५.२५ व्होल्टमध्येच नीट चालतात. बोर्ड ३ अँपिअर घेत असेल आणि ०.२ चौरस मिलिमीटरची एक मीटर तार वापरली, तर जाण्यायेण्याच्या दोन मीटरमध्ये अर्धा व्होल्ट गळतो. मग खेळ मध्येच अडकतो, चित्र तुटते आणि दोष चिपला दिला जातो. तीच तार १ चौरस मिलिमीटरची घेतली तर गळती ०.१ व्होल्टच्या आसपास येते. म्हणून व्होल्टेज सप्लायच्या टोकाला न मोजता बोर्डाच्या कडेवर मोजावे, आणि पाच व्होल्टच्या व ग्राउंडच्या सर्व पट्ट्या वापराव्यात, एकेकावर भागवू नये. स्पीकरची उणे तार मात्र ग्राउंडला जोडू नये. काही बोर्डांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ती ग्राउंड नसते आणि तशी जोडणी त्याला मारते.

बटणाचे काम समजायला सोपे आहे. बोर्डाच्या आत प्रत्येक इनपुट एका रोधातून पाच व्होल्टला टांगलेले असते. बटण दाबले की ते ग्राउंडला टेकते आणि खेळाला ‘दाबले’ असे कळते. म्हणजे बटणाच्या मायक्रोस्विचच्या सामाईक टोकांना एकच ग्राउंड तार साखळीसारखी फिरवायची आणि एरवी उघड्या असणाऱ्या टोकावरून बोर्डाकडे स्वतंत्र तार न्यायची. एकाच खेळाडूची सगळी बटणे एकदम बंद पडली तर साखळीत पहिली तुटलेली जागा शोधावी. एकच बटण सतत दाबल्यासारखे वागत असेल तर तार एरवी जुळलेल्या टोकाला लागली आहे का ते पाहावे.

खरी गोडी बटणांच्या मांडणीत आहे. जामाने अधिकृतपणे प्रत्येक खेळाडूला तीनच बटणे दिली, आणि खेळ लवकरच त्याच्या पुढे गेले. ‘स्ट्रीट फायटर २’ला (१९९१) सहा लागतात : वरच्या ओळीत हलका, मध्यम, जोराचा ठोसा आणि खालच्या ओळीत त्याच क्रमाने लाथा. ठोसे जामातून जातात, लाथांसाठी बोर्डावर वेगळा कनेक्टर असतो आणि त्याचा तारांचा स्वतंत्र जुडगा ओढावा लागतो. अशा जुडग्याशिवाय बोर्ड लावला की खेळ चालतो, पण लाथच मारता येत नाही. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ची (१९९२) पाच बटणे चार कोपऱ्यांना चार आणि मधोमध ‘ब्लॉक’ अशी असतात. ती सहाच्या दोन ओळींत कोंबली तर हाताला सवय असलेला बचाव हुकतो. ‘निओ-जिओ’ची (१९९०) चार बटणे लाल, पिवळे, हिरवे, निळे, चौथे जामाच्या पंचविसाव्या पट्टीवर जाते. ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ला (१९७९) दांडीच नाही, सगळी हालचाल पाच बटणांवर. उलट ‘पॅकमॅन’ला खेळायचे बटणच नाही, फक्त चार दिशांची दांडी. आठ दिशांची दांडी लावली तर ती तिरकी सरकते आणि पॅकमॅन वळणावर अडतो. दांडीखालची चौकट फिरवून किंवा बदलून ती चार दिशांची करता येते, आणि हे दोन मिनिटांचे काम कोणी करत नाही याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. बटणमांडणी ही त्या खेळाची लिपी आहे. अक्षरे इकडची तिकडे केली तर वाचणारा अडखळणारच.

आपल्याकडे जो खेळ ‘मुस्तफा’ म्हणून सर्वांना ठाऊक आहे, तो कॅपकॉमचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’ (१९९३). पिवळी टोपी घातलेल्या त्यातल्या पात्राच्या नावावरून हे नाव पडले आणि मूळ नाव कोणी उच्चारलेच नाही. खेळायला मारणे आणि उडी अशी दोनच बटणे, दोन्ही एकदम दाबली की जोराचा फटका, पण त्यात आपलीही थोडी शक्ती जाते. म्हणून ही दोन बटणे एका अंगठ्याखाली येतील इतकी जवळ असावीत. लांब लांब लावलेल्या यंत्रावर हा फटका बसतच नाही. मूळ बोर्ड तीन खेळाडूंचा, पण जामात जागा दोघांचीच, त्यामुळे तिसऱ्याच्या तारा वेगळ्या कनेक्टरमधून येतात. मूळ बोर्डावर आवाजाचा प्रोग्रॅम सांकेतिक असतो आणि त्याची किल्ली बॅटरीवर जगते. ती बॅटरी संपली की आवाजाचा प्रोसेसर निकामी होतो. आपल्याकडे फिरलेले बोर्ड बरेचसे नकली, त्यांत ही अडचण नाही, पण आवाज मूळपेक्षा उतरता.

किनाऱ्यावर या सगळ्याचा शत्रू हवा आहे. कुणकेश्वरासारखी जत्रा समुद्राच्या काठावरच भरते. तिथे यंत्र मांडायचे तर दोन-तीन रात्रींतच पितळी टोकांवर हिरवट थर धरू लागतो. बोर्डाच्या पट्ट्या सोन्याच्या मुलाम्याच्या आणि कनेक्टरची टोके कथिलाची, म्हणजे साध्या कल्हईची, असतील तर खाऱ्या ओलाव्यात दोन वेगळे धातू टेकल्यामुळे कथिल लवकर गंजते. शक्य तिथे दोन्हीकडे सोन्याचा मुलामा घ्यावा. पट्ट्या मऊ खोडरबराने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात, पॉलिश कागद लावला तर मुलामाच निघून जातो. पावसाळ्यात बोर्ड कपाटात ठेवू नये. स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या पिशवीत घालून सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावा. कपाट साध्या प्लायचे असेल तर तळ फुगतो, मरीन प्लाय महाग असला तरी इथे तोच परवडतो.

विजेचाही विचार करावा लागतो. जपानी कपाटे १०० व्होल्टची असतात, आपला पुरवठा २३० चा, म्हणून ट्रान्सफॉर्मर हवा. जांभ्याच्या जमिनीत पाणी टिकत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. मार्च ते मे त्यात पाणी ओतत राहावे, नाहीतर कपाटाचा पत्रा हाताला झणझणतो.

पडदा मिळाला नाही तर बोर्ड टीव्हीला लावण्याचा मोह होतो. या बोर्डांचे चित्र सेकंदाला सुमारे १५,७०० ओळींचे आणि लाल-हिरवा-निळा वेगवेगळा असे येते. आपल्या टीव्हींना ते थेट घेणारा सॉकेट नसतो, म्हणून कंपोनंट किंवा साध्या व्हिडिओत बदलणारे सर्किट मध्ये लागते, आणि बोर्डाचा जोरदार रंगसंकेत रोध घालून टीव्हीला सोसेल इतका, सुमारे ०.७ व्होल्टपर्यंत, उतरवावा लागतो.

गणपतीला चाकरमानी गावी आले की माळ्यावरचे यंत्र काढायचा आग्रह होतो. भाद्रपदात हवेतला ओलावा गेलेला नसतो. कपाट मागचे दार उघडे ठेवून दोन दिवस कोरड्या खोलीत राहू द्यावे, आत पाल किंवा मुंग्यांचे घर नाही ना ते टॉर्चने पाहावे. मग बोर्ड न लावता नुसता वीजपुरवठा सुरू करावा आणि कनेक्टरच्या टोकांवर मीटरने पाच, बारा आणि उणे पाच व्होल्ट मोजावेत. काही सप्लाय रिकामे असताना खोटा आकडा दाखवतात, त्यांना पाच व्होल्टवर जुन्या गाडीचा छोटा बल्ब जोडून मोजावे. आकडे जागेवर असतील तर वीज बंद करून, खाच सातव्या जागी आहे हे बोटाने चाचपून, बोर्ड लावावा.