बंधाऱ्याचा आकडा आणि काविळीची वही

जुलैच्या मध्याला कोल्हापुरातली माणसं सकाळी उठून फोन बघतात ते पंचगंगा नदीच्या एका आकड्यासाठी. राजाराम बंधारा, पाणी पातळी अमुक फूट तमुक इंच. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्याखाली किती बंधारे पाण्याखाली गेले, राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, विसर्ग किती क्युसेक, एवढं सगळं चार ओळींत येतं. शुक्रवार पेठेतला दुकानदार त्या चार ओळींवर ठरवतो, की माल आज माळ्यावर चढवायचा की उद्या. जुनी माणसं शिवाजी पुलाकडं बघून ‘मच्छिंद्री झाली का?’, म्हणजे पाणी पुलाच्या ठरलेल्या खुणेपर्यंत चढलं का, असं विचारायची; आता तोच प्रश्न फूट आणि इंचात विचारला जातो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही साली हा आकडा ५५ च्या पुढं गेला, तेव्हा तर दर तासाला.

खुला डेटा म्हणतात तो हाच. (‘विदा’ हा शब्द कोशात छान दिसतो, पण कार्यालयात कुणी म्हणत नाही.) मोजायची जागा ठरलेली, माप ठरलेलं, वेळ ठरलेली, आणि पुढं कुणालाही पाठवायची मुभा. भारतात सगळ्या नद्यांचं असं नाही. गंगा, ब्रह्मपुत्रा, सिंधू यांची खोरी सीमेपलीकडं जातात म्हणून त्यांची जलमापनाची माहिती गोपनीय वर्गात ठेवली गेली. आपली पंचगंगा कृष्णेला मिळते आणि कृष्णा देशातच समुद्राला, त्यामुळे आपण त्यातून सुटलो.

पण त्याच पंचगंगेत पाणी किती आहे हे कळतं, पाण्यात काय आहे ते कळत नाही. म्हणजे मोजलं जात नाही असं नव्हे. विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते ते), कोलिफॉर्म (मैलापाणी मिसळल्याची खूण असलेले जिवाणू), सगळं मोजलं जातं. दवाखान्यांत कावीळ, गॅस्ट्रोचे रुग्णही नोंदले जातात. हे दोन कागद वेगवेगळ्या खात्यांच्या कपाटांत राहतात. ते शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची धडपड कुठून सुरू झाली, आणि कुठं कुठं अडली, तेवढं इथं सांगायचं आहे.

सुरुवात दिल्लीपासून करावी लागते. १९५५ च्या पुरानंतर यमुनेचं पात्र सरकलं आणि नजफगड नाल्याचं सांडपाणी उलटं फिरून वझिराबादला, जिथून शहराचं पाणी उचललं जात होतं तिथपर्यंत आलं. जलशुद्धीकरण केंद्रातल्या लोकांना धोका कळला होता. त्यांनी क्लोरीन वाढवला. त्यामुळे टायफॉइड वाढला नाही. काही आठवड्यांनी मात्र शहरात काविळीचे रुग्ण दिसायला लागले आणि बघता बघता सुमारे २९,३०० जणांना कावीळ झाली. जेवढा क्लोरीन जिवाणूंना पुरला, तेवढा या विषाणूला पुरला नव्हता. ही सगळी हकिगत १९५७ मध्ये छापली गेली, पाण्याच्या नोंदींसकट.

तेव्हा सगळ्यांनी ही हिपॅटायटिस ए ची साथ धरली होती. पण रुग्णांच्या रक्ताचे काही नमुने कुणीतरी जपून ठेवले. पाव शतकानंतर ए आणि बी ओळखायच्या चाचण्या निघाल्या, तेव्हा ते नमुने बाहेर काढले गेले. त्याबरोबर अहमदाबाद आणि पुण्याच्या साथींमधले नमुनेही तपासले. १९८० साली निष्कर्ष छापून आला: हा ए नाही आणि बी पण नाही. त्याच वर्षी काश्मीरमधल्या साथीच्या अभ्यासातूनही वेगळ्या वाटेनं तेच पुढं आलं. आज आपण ज्याला हिपॅटायटिस ई म्हणतो तो हा विषाणू. १९५५ मध्ये नमुन्याच्या बाटलीवर तारीख आणि नाव लिहिणाऱ्याला आपण कशाची नोंद ठेवतोय याची कल्पना असणं शक्यच नव्हतं.

डेटा दुसऱ्याला का द्यायचा, याचं माझ्या मते याहून चांगलं उत्तर नाही. ज्यानं गोळा केला त्याला तो अजून पुरता वाचता येत नसतो.

जगात याची पद्धत बसवण्याचे प्रयत्न त्याच सुमाराला चालू झाले. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोघांकडेही जागतिक डेटा केंद्रं उभी राहिली. हवामान, समुद्र, भूकंप यांचे आकडे एकमेकांना द्यायला दोघे तयार झाले, कारण वारा आणि लाट कुणाच्या मालकीची नसते. जीवशास्त्रवाल्यांचं तसं नव्हतं. १९७१ मध्ये प्रथिनांच्या रचनांची सामाईक बँक निघाली ती जेमतेम सात रचनांवर. ‘राबायचं मी आणि पेपर छापायचा त्यानं’ ही धास्ती खरी होती, आणि आजही आहे. १९९६ च्या फेब्रुवारीत मानवी जनुकसंचाच्या प्रकल्पातली मंडळी बर्म्युडा बेटावर जमली आणि ठरलं, की वाचलेला क्रम २४ तासांच्या आत जगासमोर ठेवायचा. पेटंटवाल्यांच्या आधी पोचायचं हा त्यामागचा सरळ हिशेब होता.

पण देणारा आणि घेणारा सारख्या ताकदीचे नसले की काय होतं, ते २००७ मध्ये इंडोनेशियानं दाखवलं. बर्ड फ्लूचे नमुने आम्ही द्यायचे, त्यावर लस परदेशी कंपन्यांनी करायची, आणि ती आम्हाला परवडायची नाही. मग देत नाही, असं म्हणून त्यांनी नमुने अडवले. चार वर्षांच्या खलबतांनंतर २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची देवाणघेवाणीची चौकट ठरली. २०२० च्या जानेवारीत कोरोनाचा जनुकक्रम खुला झाला आणि काही दिवसांत चाचण्या तयार व्हायला लागल्या, त्यामागं ही सगळी भांडणं आहेत.

आता खरी अडचण. नदीची पातळी कुणाची खासगी नसते. रुग्णाचा कागद असतो. पर्यावरणाचा आरोग्याशी संबंध दाखवायचा तर हे दोन्ही एकत्र शिवावे लागतात, आणि शिवण उसवते ती इथंच. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहा शहरांतल्या ८,१११ प्रौढांचा कित्येक वर्षं माग काढला आणि १९९३ मध्ये छापलं, की सर्वांत प्रदूषित हवेच्या शहरात मृत्यूदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्के जास्त आहे. या अभ्यासाचा आधार घेऊन १९९७ मध्ये तिथं बारीक धुलिकणांची मर्यादा ठरली. उद्योगवाले म्हणाले, मूळ डेटा दाखवा. संशोधक म्हणाले, लोकांना आम्ही गुप्ततेचा शब्द दिलाय. शेवटी तिऱ्हाइताला आत बसवून पुन्हा हिशेब केला गेला. २००० साली निकाल आला, आकडे बरोबर आहेत.

भांडण तिथं थांबलं नाही. २०१८ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्यानं प्रस्ताव आणला, की ज्या अभ्यासाचा कच्चा डेटा खुला नाही, त्यावर नियम बेतायचे नाहीत. ऐकायला किती रास्त! पण रुग्णांचा कच्चा डेटा खुला करता येत नाही म्हटल्यावर आरोग्याचे नेमके तेच अभ्यास बाद व्हायचे. २०२१ च्या जानेवारीत तो नियम झाला आणि पुढच्याच महिन्यात कोर्टानं रद्द केला. पारदर्शकतेच्या नावानंही तोंड बंद करता येतं, हे विसरू नये.

आपल्याकडे २०१२ हे साल मोठं चमत्कारिक. मार्चमध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय डेटा सामायिकीकरण आणि सुलभता धोरण जाहीर केलं. सरकारी खर्चानं गोळा झालेला, गोपनीय नसलेला डेटा लोकांना मिळावा, असं त्यात लिहिलेलं. मे महिन्यात माधव गाडगीळ समितीचा पश्चिम घाटाचा अहवाल लोकांसमोर आला. ऑगस्ट २०११ मध्ये सादर झालेला हा अहवाल दडवून ठेवला होता, तो बाहेर काढायला माहिती अधिकारातला अर्ज, माहिती आयोग आणि दिल्ली उच्च न्यायालय इतकी पायपीट झाली. राधानगरी, आजरा, गगनबावड्याच्या डोंगरांबद्दल काय लिहिलंय ते इथल्या माणसाला वाचायला मिळालं ते असं. आणि त्याच उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली. हिपॅटायटिस ई. माणसं दगावली, पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला.

या आजाराचा एक गुण ध्यानात घ्यायला हवा. दूषित पाणी पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला बहुधा पाच-सहा आठवडे लागतात. म्हणजे आज रुग्ण दिसला म्हणून आज नळाचा नमुना तपासून उपयोग नाही. महिना-दीड महिन्यापूर्वी कुठल्या टाकीतून कुठल्या गल्लीत पाणी सुटलं, कुठली जलवाहिनी गटाराला लागून फुटली होती, त्या दिवशी नळाला क्लोरीन किती होता, ते लागतं. पाणीपुरवठ्याची जुनी वही आणि दवाखान्याची आजची वही एकाच टेबलावर यायला हवी.

दवाखान्याची वही उघडायची, तर नावांचं काय? नाव खोडलं म्हणून माणूस लपत नाही. चार-पाचशे वस्तीच्या गावात ‘वय ६२, यंत्रमाग कामगार, कावीळ’ एवढं लिहिलं तरी पारावरचा कुणीही घर दाखवेल. कोतवाल बुकाची गोष्ट बघा. गाव नमुना १४, गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद, जुनी पानं मोडीत. एके काळी गावात कोण जन्मलं आणि कोण गेलं एवढंच त्यातून कळायचं. २०२३ मध्ये शिंदे समितीच्या कामाच्या वेळी तीच पुस्तकं कुणबी नोंदी शोधायला गावोगावच्या दप्तरांतून बाहेर आली, आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. शंभर वर्षांपूर्वी ज्याच्या जातीचा रकाना भरला, त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याच्या पणतूला त्याचा फायदा होतोय म्हणून आपण ते गोड मानून घेतो. उलटं झालं असतं तर?

त्याच २०२३ सालचा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा संशोधनाला सवलत देतो, अट अशी की त्या माहितीवरून त्या विशिष्ट माणसाबद्दल कुठला निर्णय घ्यायचा नाही. मात्र याच कायद्यानं माहिती अधिकारातलं खासगी माहितीचं कलमही बदललं आणि नकार देणं सोपं केलं. जनुकांच्या बाबतीत मधली वाट निघाली आहे. फरिदाबादला २०२२ मध्ये भारतीय जैविक डेटा केंद्र झालं, २०२५ च्या जानेवारीत दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती तिथून संशोधकांसाठी खुली झाली. पण मिळते ती अर्ज करून, अटी मान्य करून. पाण्याच्या आणि काविळीच्या वह्यांसाठी अशी खिडकी अजून माझ्या तरी बघण्यात नाही.

२०१६ मध्ये जगभरच्या संशोधकांनी चांगल्या डेटाच्या चार कसोट्या मांडल्या: तो सापडावा, मिळावा, दुसऱ्या डेटाशी जुळावा, पुन्हा वापरता यावा. काही वर्षांपूर्वी मी एका कार्यालयातून नदीच्या पाण्याचे तपासणी अहवाल मागवले. दीड महिन्यानं पीडीएफ आली. झेरॉक्सची झेरॉक्स, तिरकी स्कॅन केलेली, काही पानं उलटी. म्हटलं, हरकत नाही, आकडे तर आहेत. दोन रात्री बसून एक्सेलमध्ये भरले. मग नकाशावर लावायला घेतले तेव्हा लक्षात आलं, नमुना घेतल्याच्या ठिकाणी सगळीकडं एकच शब्द आहे: ‘पुलाजवळ’. कुठला पूल, नाल्याच्या वर की खाली, काही नाही. फोन केला. पलीकडचे गृहस्थ सज्जन होते. म्हणाले, “नमुना घेणारे रिटायर झालेत हो. त्यांना माहीत होतं.”